पानिपतहून आणलेली अंडी

आईला दिल्लीत करमावं म्हणून मी तिसऱ्या मजल्यावरची चांगली, हवेशीर खोली सोडली आणि यमुनेपलीकडच्या एका गावात तळमजल्यावर राहायला गेलो. गाव म्हणायचं एवढंच. चारी बाजूंनी सेक्टर उठत होते. शेतं सरकारने घेतली होती आणि आलेल्या पैशातून गावकऱ्यांनी घरांवर मजले चढवले होते. आमचा घरमालक पूर्वी म्हशी बांधायचा, आता त्याच जागेत भाडेकरू ठेवत होता. गल्लीत गटार उघडं आणि डोक्यावर केबलच्या तारांचं जाळं. पण मागच्या बाजूला आम्हाला चार पावलांचं परस होतं, आणि त्यात एक कडुनिंब. ते बघून आई म्हणाली, "इथं कोंबडी ठेवता येईल."

वडील जाऊन वर्ष झालं होतं. बहीण सासरी, मी एकटा इथे. दिल्लीतल्या मुनिरक्यात राहून स्पर्धा परीक्षा देण्याची माझी वर्षं संपली होती, पदरात काही पडलं नव्हतं, आणि एका निर्यात कंपनीच्या ऑफिसात मी नोकरीला लागलो होतो. आईला साताऱ्याकडच्या गावी एकटं ठेवलं तर लोक काय म्हणतील, हा विचार माझ्या मनात पहिला होता. तिला काय वाटेल, हा नंतरचा. मी तिला घेऊन आलो. सकाळी आठला मी बाहेर पडायचो आणि रात्री आठला परत यायचो. मधले बारा तास ती कुणाशी बोलत असेल, हे मी बरेच दिवस विचारलंसुद्धा नाही.

ती बोलायची ते पत्र्यापलीकडच्या भाभीशी. परसाच्या एका बाजूला गंजलेल्या पत्र्यांचं कुंपण होतं आणि त्यापलीकडे त्याच घरमालकाच्या दोन खोल्या. तिथे गोरखपूरकडचं एक कुटुंब राहत होतं. नवरा बांधकामावर मिस्त्री. बायको माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी असेल, मी तिला भाभी म्हणायचो. तिच्याकडे सात-आठ कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा होता. गल्लीतल्या पाच-सहा घरांत कोंबड्या होत्या, पण कोंबडा एकच, भाभीचा. तो सगळ्यांच्या परसांतून हिंडायचा. ज्याच्या घरी पिल्लं निघतील त्याने त्यातलं एक पिल्लू भाभीला द्यायचं, असा रिवाज होता.

आईला हिंदी येत नव्हती आणि भाभीला मराठीचा गंध नव्हता. तरी त्यांचं जमलं. भाभीने आईला एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, अर्धलीने दिली. तिच्या भाषेत अधिया. कोंबडी भाभीची, सांभाळायची आईने, अंडी आईची आणि पिल्लं निम्मी निम्मी. हा व्यवहार आमच्याकडे गावीही असाच चालतो, त्यामुळे समजावून सांगायची वेळच आली नाही. एकीने कोंबडी पत्र्यावरून दिली, दुसरीने पदरात घेतली, आणि ठरलं.

त्यानंतर ऑफिसातून आलो की पत्र्यापाशी दोघींचं चाललेलं ऐकू यायचं.

"अम्मा, आपकी रानी हमारा धनिया खा गई."

"तुमचं धनिया हमारे परसात क्यूं आता है मग?"

"धनिया नहीं आता अम्मा, मुर्गी जाती है!"

"तो धनियाला बांधके रखो."

आणि दोघी हसायच्या. आईचं हसणं मी वडील गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मला हायसं वाटायचं. आता माझ्यावरचं ओझं थोडं उतरलं, असं वाटायचं, आणि असं वाटल्याबद्दल मग वाईटही वाटायचं.

घरमालकाचं एकच म्हणणं होतं: "मुर्गी राख ले, पर मेरे चौक में ना आवे." त्याच्या घरात मांस-मच्छी चालत नव्हती. पण भाड्याने राहणाऱ्यांच्या परसात डोकावायचं नाही, एवढा समंजसपणा त्याने ठेवला होता.

तो समंजसपणा वरच्या मजल्यावर नवी पोरं आली तेव्हा संपला. ती कुठल्यातरी कॉम्प्युटरच्या कंपनीत अमेरिकेच्या वेळेप्रमाणे काम करायची. रात्रभर जागून पहाटे झोपायची, आणि त्याच वेळी भाभीचा कोंबडा कडुनिंबावर चढून आरवायचा. पोरं भाडं चांगलं देत होती. घरमालकाने भाभीच्या नवऱ्याला सांगितलं, एक तर कोंबडा जाईल, नाहीतर तुम्ही. त्या रविवारी कोंबडा गेला. भाभीने रश्शाची वाटी पत्र्यावरून दिली. आईने ती घेतली, झाकून ठेवली आणि मलाच खायला लावली.

"आता या गल्लीत पिल्लू निघायचं नाही," ती म्हणाली.

आणि नेमकी त्याच सुमाराला आईची कोंबडी खुडूक झाली, अंडी उबवायला आली. अंगाची पिसं फुलवून, घुमत, रिकाम्या कोपऱ्यात बसून राहायची. हात लावला की टोचायची. आई तिच्याकडे बघत बसायची. दोन दिवसांनी मला म्हणाली, "पिल्लं निघाली असती तर थांबले असते पावसाळाभर. आता इथं काय करू? मला गावी सोड."

पिल्लांवर एखाद्या बाईचं राहणं न राहणं ठरावं, हे मला तेव्हा खरं वाटलं नाही. खरं म्हणजे तिला बोलायला, वाट बघायला, भाभीबरोबर मोजायला काहीतरी हवं होतं. ते मी देऊ शकत नव्हतो.

त्यानंतरच्या रविवारी माझा मित्र आला. मुनिरक्यात आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली. एकाच ताटात जेवलो, एकाच दिवशी नापास झालो. तो पानिपतला हातमागाच्या चादरी परदेशी पाठवणाऱ्या एका फर्ममध्ये लागला होता आणि एक रविवार आड बसने दिल्लीला यायचा, आमच्याकडे जेवायला. त्याची आई तो चौथीत असताना गेली होती. माझ्या आईला त्याने पहिल्या दिवसापासून काकू म्हटलं नाही, आईच म्हटलं. एकेरीत.

"आला बघ दुष्काळातला," आई त्याला बघून म्हणायची. "पातेलं लपव रे."

"लपवलंस तरी वास कुठे लपवशील, आई?"

"पानिपतात काही मिळत नाही का खायला?"

"मिळतं ना. पण तिथे आपले लोक गेले की काय होतं, माहीत आहे ना तुला?"

ती त्याला पाठीत धपाटा घालायची. मला घालायची नाही. मला याचा हेवा वाटायचा, हे मी आता लिहू शकतो.

त्या दिवशी जेवताना आईने कोंबड्याची आणि खुडूक कोंबडीची हकिगत सांगितली. मित्राचा हात ताटात थांबला.

"एवढंच ना? अगं, माझ्या घरमालकिणीकडे वीस-पंचवीस कोंबड्या आहेत. परस म्हणजे नुसता गजबजाट. आणि कोंबडा असा, तुरा बघितलास तर सलाम करशील. पुढच्या खेपेला अंडी घेऊन येतो."

"खरंच?"

"तुझ्याशी खोटं बोलेन का?"

आईने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. त्याला दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी त्याला नीट सांगितलं, की बाबा रे, हे गमतीचं नाही. आई गावी जाते म्हणतेय. या पिल्लांमुळे थांबेल. तो म्हणाला, "यार, मला कळत नाही का? ती माझीही आई आहे."

पुढची खेप त्याने चुकवली. ऑर्डर होती म्हणाला. आईने एक साधं अंडं खाली ठेवून कोंबडीला तसंच बसवून ठेवलं, नाहीतर खुडूकपण मोडलं असतं. रोज विचारायची, "त्याचा फोन आला का?" शेवटी तो आला तो हातात बिस्किटांचा पुठ्ठ्याचा डबा घेऊन. आत चादरींच्या सुताचा गुंता, आणि सुतात एकेक करून रुतवलेली अकरा अंडी. बदामी रंगाची. आईने एक उचलून कानाशी हलवलं, तळव्यावर तोललं.

"अंगानं मोठी आहेत रे."

"पंजाबाकडच्या कोंबड्या आहेत, आई. लस्सी पितात."

आई हसली आणि संशय तिथेच विरला. त्याच संध्याकाळी तिने सगळं रीतसर केलं. डालग्यात राख, राखेवर गवत. प्रत्येक अंड्यावर कोळशाची एक रेघ. गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून गवतात एक लोखंडी खिळा. अंडी आईने स्वतःच्या हाताने मांडली, कारण हे काम ज्याच्या हाताला गुण त्यानेच करायचं असतं, आणि गावी तिला लोक या कामासाठी बोलावून न्यायचे. पत्र्यापलीकडून भाभी बघत होती. कोंबडी दोनदा फिरली आणि पोट पसरून अंड्यांवर बसली. मित्र म्हणाला, "घे. झालं तुझं बाळंतघर सुरू."

त्या दिवसांत घर बदललं. भाभी सकाळी यायची, कोंबडीला उचलून दाणापाणी करायची, आई तेवढ्यात अंडी हलक्या हाताने फिरवायची. भाभीने मांजराच्या वाटेवर काटे लावले. पिल्लं वाटून कशी घ्यायची, यावरून दोघींची भांडणं सुरू झाली होती. आठवड्याने अंडी उजेडाला धरून बघायची वेळ आली. आईच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता, पण ती ते कबूल करत नव्हती. मला म्हणाली, "तूच बघ. मला ऊन सहन होत नाही." मी पुठ्ठ्याची नळी करून दाराच्या फटीतल्या उन्हाला एकेक अंडं धरलं.

"दिसतंय का काही? डाग? शिरा?"

मला आत काहीतरी सावलीसारखं डुलताना दिसलं. "हो, दिसतंय," मी म्हणालो. मला खरंच दिसलं होतं. तो नुसता बलक होता, हे कळण्याएवढं मला या कामातलं कळत नव्हतं.

मग एका संध्याकाळी घरी आलो तर आई दिवा न लावता बसलेली. पत्र्यापाशी शांतता.

"काय झालं?"

"ती म्हणते, अंडी बाजारची आहेत."

भाभीने दुपारी कोंबडीला उचललं तेव्हा तिला काही अंडी पोटाच्या ओलीने डागाळलेली दिसली होती. रंग गेला होता आणि खाली पांढरं कवच दिसत होतं. तिने ओल्या पदराने एक पुसून बघितलं. पदराला तपकिरी डाग आला. भाभीने आईला सरळ सांगितलं, "अम्मा, ये फ़ारम के सफ़ेद अंडे हैं, चाय के पानी में रँगे हुए. बस अड्डे पर देसी कहके बेचते हैं. इनमें कुछ नहीं निकलेगा. मुर्गी को उठा दो, बेचारी सूख रही है." आई म्हणाली, हमारा लडका लाया, पानिपत से, घर का अंडा है. भाभी म्हणाली, "तो लड़के को किसी ने ठग लिया, या लड़के ने आपको."

हे शेवटचं वाक्य आईने मला दोनदा सांगितलं. लड़के ने आपको.

मी कपडेसुद्धा बदलले नाहीत. परसात गेलो, पत्र्याशी उभा राहिलो आणि भाभीला हाक मारली. ती पिठाचे हात घेऊन बाहेर आली. मी तिला म्हणालो की तुम्ही आपलं काम बघा. तो मला भावासारखा आहे. आणि मग जे म्हणालो ते आजही मला शब्दाशब्दाने आठवतं: "अपने जैसा सबको मत समझिए."

तिचा नवरा आत खाटेवर बसला होता. तो उठला नाही. भाभी माझ्याकडे बघत राहिली. "ठीक है, भैया," म्हणाली आणि आत गेली.

मला वाटलं मी आईची बाजू घेतली. मित्राचीही. मी कधी कुणाशी वर आवाज करून बोलत नाही, ऑफिसात साहेबाचं ऐकून घेतो, रिक्षावाल्याशी घासाघीस करत नाही. त्या दिवशी एवढा आवाज कुठून आला, याचा विचार मी केला नाही.

पिल्लं निघायचे तीन आठवडे झाले. चार दिवस वर गेले. आई डालग्याशी कान लावून बसायची. आतून टोचल्याचा आवाज येतो का ऐकायची. पाचव्या दिवशी तिने एक अंडं फोडलं. पातळ, पिवळं, पाण्यासारखं. रक्ताचा थेंबसुद्धा नाही. दुसरं फोडलं. सगळी फोडली नाहीत. उरलेली मला कडुनिंबाखाली पुरायला सांगितली.

त्या रविवारी, मधली एक खेप चुकवून, मित्र आला. आईने त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "तुझ्या घरमालकिणीनं त्याच वेळची अंडी बसवली होती का रे? तिची निघाली?"

तो क्षणभर थांबला. मी समोरच होतो. तो थांबला, एवढं मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

"निघाली ना," तो म्हणाला. "सगळी. अंगणभर नाचतायत."

आई आपले तळवे बघत म्हणाली, "मग माझ्याच हाताचा गुण गेला."

"असं काय म्हणतेस? कोंबडी नीट बसली नसेल."

"नाही. कोंबडी बसली होती. तिची नजर लागली," आई पत्र्याकडे हात करून म्हणाली. "पहिल्या दिवसापासून बघत उभी होती."

मित्र जेवला. रश्शाचं कौतुक केलं. आई त्याच्यावर चिडली नव्हती, उलट त्याचे कष्ट वाया गेले म्हणून हळहळत होती. तो गेल्यावर तिने कोंबडी पकडली, पत्र्याशी गेली आणि काही न बोलता कोंबडी पलीकडे सोडली. अर्धली मोडली. पलीकडे भाभी भांडी घासत होती. तिने उठून कोंबडी उचलली आणि पदराने तिचं अंग पुसलं. कोंबडी हलकी झाली होती, तिच्या छातीचं हाड लांबूनही दिसत होतं. पुढे दोन महिने त्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी फक्त भांड्यांचे आवाज येत राहिले.

दिवाळीला मेहुणा आला, त्याच्याबरोबर आई गावी गेली. निजामुद्दीनला गाडीत बसताना म्हणाली, "तू जेवणाचं बघ. माझं काही राहिलं नाही आता तिथं." ती जाईल हे मला कळलं होतं, तरी मी आशा धरून होतो. उन्हाळ्यात परत येईल, असं शेजारच्यांना सांगत होतो.

जानेवारीत मित्राने बोलावलं. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास महाराष्ट्रातून लोक काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, येतात, त्यांच्या चहापाण्याची व्यवस्था तो आणि तिथले चार मराठी लोक करायचे. मी पहाटेच्या बसने गेलो. धुकं एवढं की समोरच्या माणसाचा फेटा दिसत होता आणि चेहरा नाही. नमस्कार झाले, घोषणा झाल्या, चहाचे पेले वाटून माझे हात बधिर झाले. दुपारी मित्र म्हणाला, खोलीवर चल, ऊन येतंय, बसू गच्चीवर.

त्याची खोली एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर होती. जिन्यावर घरमालकीण भेटली. साठीची, ठेंगणी, कपाळाला चंदनाची टिकली. हातात तुळशीच्या कुंडीला घालायचं पाणी. मित्र पुढे किल्ली शोधत होता. मला वाटलं आभार मानावेत. एवढी चांगली अंडी दिली, आपल्या नशिबात नव्हतं हे वेगळं. मी हात जोडले आणि म्हणालो, "आंटीजी, वो अंडे जो आपने भेजे थे, मेरी माताजी के लिए. बहुत मेहरबानी."

"क्या भेजे थे?"

"अंडे. आपकी मुर्गियों के."

तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"हरे राम! मेरे घर में मुर्गी? बेटा, यहाँ तो लहसुन की कली भी नहीं चढ़ती सीढ़ी."

ती माझ्याकडून मित्राकडे बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर भाडेकरूविषयी काहीतरी नवं कळल्याचा भाव आला. मित्र हसला. "मज़ाक़ कर रहा है आंटी. इसकी आदत है." आणि तिच्या खांद्यावरून त्याने मला डोळा मारला.

मी त्याच्यामागे खोलीत गेलो. तो गॅसवर चहा ठेवत होता, माझ्याकडे पाठ करून.

"बस अड्ड्यावर घेतली," तो म्हणाला. "तुमच्याकडे येताना. देसी आहेत का म्हणून विचारलं होतं रे मी. देसी आहेत म्हणाला."

"आणि सूत?"

"सूत ऑफिसमधलं. फुटू नयेत म्हणून आदल्या दिवशीच डब्यात भरून ठेवलं होतं."

"वीस-पंचवीस कोंबड्या?"

"अरे, ती रडवेली झाली होती. तोंडातून निघून गेलं. मग आणीन म्हणालो, आणि कुठून आणायची ते जमलं नाही." तो वळला. "आता कोंबडीच्या अंड्यांवरून काय बोलायचं यार?"

"अंगणभर नाचतायत म्हणालास."

"मग काय सांगू? माझी अंडी खोटी, असं तिच्या तोंडावर सांगू? तिला माझ्याविषयी काय वाटलं असतं?"

चहा उतू गेला. त्याने फडक्याने पुसलं आणि मला पेला दिला. मी तो चहा प्यायलो. हे लिहिताना मला वाटतं की पेला खाली ठेवायला हवा होता, उठायला हवं होतं. मी प्यायलो आणि म्हणालो, "शेवटची बस किती वाजता आहे?" तो मला स्टँडवर सोडायला आला. बस सुटताना माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "आईला काही बोलू नकोस हं. उगाच वाईट वाटेल."

रस्ताभर मी धुक्यात बघत बसलो. मला आठवत राहिलं ते त्याचं खोटं बोलणं नव्हे, तर त्याचं थांबणं. आईने विचारल्यावर आणि उत्तर देण्याआधी तो थांबला होता तो क्षण. त्या क्षणी त्याच्या हातात सगळं होतं. आई त्याच्या समोर बसली होती आणि तिच्या हाताचा गुण गेला की नाही, हे तो ठरवणार होता. त्याने स्वतःला निवडलं. ज्या माणसाबरोबर चार वर्षं एका ताटात जेवलो, त्याला मी इतकं कमी ओळखत होतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता भाभीकडे गेलो. पत्र्यावरून नाही, गल्लीतून, दारातून. तिला सगळं सांगितलं. माफी मागितली. ती ऐकत होती, तांदूळ निवडत होती.

"हमको तो मालूम था, भैया," ती म्हणाली. "पदर में रंग लगा था." आईचा शब्द, पदर, तिने उचलला होता. मग विचारलं, "अम्मा कब आएँगी? मुर्गी फिर मोटी हो गई है. साहिबाबाद वाली हमारी ननद के यहाँ मुर्गा है. असली अंडे ले आऊँगी. अम्मा से कह दो."

मला इतका आनंद झाला की त्या रविवारी सकाळीच एसटीडी बूथवर गेलो. गावी फोन वाण्याच्या दुकानात होता. आदल्या दिवशी निरोप ठेवला होता, त्यामुळे आई येऊन बसली होती. मी तिला सांगितलं, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. अंडी बाजारचीच होती, भाभी खरं बोलत होती. आणि ती रागावलेली नाही, ती असली अंडी आणणार आहे, तू ये.

मीटरचे लाल आकडे पळत होते.

"आई?"

"ऐकतेय."

"मग कधी येतेस? तिकीट काढू?"

"कुठल्या तोंडानं येऊ?" आई म्हणाली. "मी तिला वाईट दृष्टीची म्हणाले. सगळ्या गल्लीत म्हणाले, तुला माहीत नाही, तू ऑफिसात होतास. तिनं मला कोंबडी दिली, आणि मी तिला असं म्हणाले."

"अगं ती विसरली. ती स्वतः म्हणतेय."

"ती विसरेल. मी कशी विसरू?"

तिला खरं कळलं की ती परत येईल, असं मी धरून चाललो होतो. खोटं खरं मानून ती तिथे रागाने राहिली असती आणि राग कधीतरी उतरला असता. आता राग धरायला तिच्याकडे कुणी उरलंच नव्हतं.

मग तिने विचारलं, "तू त्याला काय बोललास?"

"कुणाला?"

"पानिपतवाल्याला."

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

"चहा प्यायलास त्याच्याकडे?"

मी गप्प राहिलो. तिला माझं गप्प राहणं लहानपणापासून वाचता येतं.

"तिला मात्र त्याच संध्याकाळी बोललास," आई म्हणाली. "पत्र्याशी उभा राहून. तिच्या नवऱ्यासमोर. मी आतून ऐकत होते. मला बरं वाटलं होतं तेव्हा, माझा मुलगा माझ्यासाठी बोलतोय म्हणून." मग म्हणाली, "माझ्यासाठी नव्हतास तू बोलत."

"आई, तसं नाही..."

"ठेवते. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय."

बूथवाल्याने पावती फाडून दिली. माझ्यामागे रांग होती, मी बाजूला झालो.

मित्र पुढच्या रविवारी आला. सेक्टरमधल्या मिठाईच्या दुकानातून बर्फीचा डबा घेऊन, नेहमीसारखा उशिरा, नेहमीसारखा दारातून ओरडत, "दुष्काळातला आलाय!" घरात मी एकटाच होतो. मी दार उघडलं आणि त्याला आत घेतलं.